दुसऱ्या फ्रिजमधला हिवाळा

पडदेकाकूंनी आपल्या नवऱ्याला पहिल्यांदा पाहिलं ते कमरेपासून खाली. कमरेपासून वरचा नवरा फ्रिजमध्ये होता.

तेव्हा त्या अर्थातच काकू नव्हत्या, आणि पडदेही नुकतेच कुठे शिवायला लागल्या होत्या. माहेरचा फ्रिज बिघडला होता. बिघडला म्हणजे असा, की वरच्या कप्प्यातलं लोणी वितळून खाली ओघळायचं आणि खालच्या कप्प्यात पोचेपर्यंत त्याची वीट व्हायची. वडिलांनी कुठून तरी एक मेकॅनिक बोलावला. तो आला, "फ्रिज कुठंय?" एवढं विचारलं आणि आत शिरला तो शिरलाच. घरातल्यांची जेवणं झाली. वडिलांची झोप झाली. शेजारीण येऊन बघून गेली, आणि दुसऱ्या शेजारणीला घेऊन परत आली. आईला वाटायला लागलं की माणूस आतल्या आत गेला की काय. आणि गेला असेल तर कळवायचं कुणाला, नाव विचारायचं तर राहूनच गेलं. काकूंचा धाकटा भाऊ तेव्हा शाळेत होता आणि आगाऊपणात मात्र पदवीधर होता. तो म्हणाला, "ताई, दार लावून बघू का?"

तेवढ्यात आतून सावकाश एक मिशी बाहेर आली.

मिशी कसली, डोंगररांगच ती! मधे खिंड, दोन्हीकडे उतार, आणि टोकं पुन्हा आभाळाकडे वळलेली. त्या टोकांवर चक्क बर्फाचे कण चमकत होते. मिशीच्या मागून एक अत्यंत शांत चेहरा आला. त्याने घरातल्या सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं, काकूंकडे दोनदा पाहिलं, आणि जाहीर केलं, "थर्मोस्टॅट गेलाय."

कुठल्याही मुलीला कुणी याहून गोड काही म्हटलं असेल, यावर काकूंचा आजही विश्वास नाही. यथावकाश लग्न झालं. काकूंची आई शेवटपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आमच्या मुलीनं मिशी पसंत केली. जावई तिच्यासोबत आला, म्हणून ठेवून घेतला."

इमारतीतल्या लोकांनी मेकॅनिकचं नाव थंडोबा ठेवलं, आणि ते धंद्यावरून ठेवलं की स्वभावावरून हे कुणालाच सांगता आलं नसतं. एकदा वरच्या मजल्यावर गच्चीत वाळत टाकलेल्या गादीने पेट घेतला. सगळी इमारत बोंबलत बादल्या घेऊन धावली. थंडोबांनीही बादली भरली, तिच्यात हात घालून पाहिला आणि ओतून दिली. "कोमट आहे," म्हणाले आणि पुन्हा भरायला बसले. गादीची राख झाली, तिच्यावर मग गार पाणी पडलं.

जगात त्यांची दोन गोष्टींवर श्रद्धा होती. पहिली, न हलणारं तापमान. काटा एकदा लावला की लावला. तो जो हलवेल तो मनुष्य नव्हे. दुसरी, मिशी. तिला दर रविवारी सलूनमध्ये नेलं जायचं. हो, नेलंच जायचं. ते स्वतः नुसते सोबत जायचे. सलूनवाला कात्री हातात घेऊन आधी जरा लांब उभा राहायचा, एक डोळा मिटून अंदाज घ्यायचा, आणि मगच जवळ यायचा. काकू बोलून दाखवायच्या नाहीत, पण रविवारी संध्याकाळी नवरा जिना चढून येताना त्यांची मशीनवरची शिवण हमखास वाकडी जायची.

बाकी संसार सरळ होता. स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर नियमांची सत्ता होती. उघडण्याआधी काय हवंय ते ठरवा. दार उघडं ठेवून विचार करू नका. आणि बर्फ बोटभर जाड झाला की फ्रिज बंद करा, दार उघडा, सगळा वितळू द्या, पुसा, मग लावा. हा शेवटचा नियम थंडोबा गावातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला निघताना हात जोडून सांगत. गिऱ्हाईक मान हलवी आणि विसरून जाई. तो तंतोतंत पाळणारी व्यक्ती जगात एकच होती, आणि तिच्याशी त्यांनी लग्न केलं होतं.

हे असं सुरळीत चालू राहिलं असतं. पण भूगोलाच्या बाईंच्या फ्रिजमधल्या भाज्या गोठायला लागल्या.

या बाईंनी काकूंना शाळेत नकाशे भरायला लावले होते आणि नदी चुकीच्या दिशेने वाहवली म्हणून बाकावर उभंही केलं होतं. आता निवृत्त होऊन त्या समोरच्या गल्लीत एकट्या राहायच्या. थंडोबा फ्रिज बघायला गेले आणि काकू पडद्यांची मापं घ्यायला सोबत गेल्या.

"बाई, फ्रिज गरजेपेक्षा जास्त थंड होतोय," फ्रिजच्या आतून आवाज आला.

"मग राहू दे तसाच," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे एक गिऱ्हाईक आहे त्याच्यासाठी."

त्यांनी कपाटातून एक कागदाची पुडी काढली. पुडीत बिया होत्या. मिरपूड कुणी रागाच्या भरात आणखी दोनदा कुटावी, इतक्या बारीक. भाच्याने कुठल्याशा उंच डोंगरावरून पाठवल्या होत्या. बाईंनी त्या रोपाचं शास्त्रीय नावही सांगितलं, पण ते म्हणून होईपर्यंत फूल कोमेजून जाईल, एवढं लांब होतं.

"झाडं जिथे संपतात ना, त्याच्याही वर," बाई म्हणाल्या, "नुसते दगड आणि बर्फ. तिथे दगडाच्या फटीत उगवतं. एवढंसं. पण निळं असं की बघणाऱ्याची वाचा बसते. तरुणपणी एकदाच पाहिलंय. चढून चढून जीव गेला होता, बरोबरच्या सगळ्यांना बोल लावत होते. ते दिसलं आणि गप्प बसले."

"तुम्ही? गप्प?" काकूंच्या तोंडून निसटलं.

"म्हणून तर सांगते, साधंसुधं फूल नव्हे ते."

"मग पेरा की, बाई."

"पेरून काय करू या भट्टीत? त्या बियांना आधी हिवाळा लागतो. महिनोन्‌महिने ओली थंडी पोटात गेल्याशिवाय त्या डोळा उघडत नाहीत. आता हिवाळा कुठून आणू मी?"

फ्रिजमधली खुडबुड थांबली. मिशी बाहेर आली. लग्नानंतर प्रथमच काकूंना त्या शांत चेहऱ्यावर काहीतरी हललेलं दिसलं.

"हिवाळा?" थंडोबा म्हणाले. "बाई, हिवाळा हा तर माझा धंदा आहे!"

त्या रविवारी काकूंचा धाकटा भाऊ जेवायला आला होता. हा तोच, दार लावून बघू का म्हणणारा. मोठेपणी त्याने रोपांची नर्सरी काढली होती आणि लोक त्याला कुंडीशेठ म्हणायचे. पान पंख्याएवढं आणि फूल ताटाएवढं असल्याशिवाय तो त्याला वनस्पती मानत नसे. त्याने पुडी उघडून पाहिली.

"भाऊजी, हे बी आहे की तपकीर?"

"शिंकू नकोस फक्त," काकू म्हणाल्या.

"अहो, हे इथे उगवायचं नाही. मी सांगतो ना, हा माझा धंदा आहे."

"उगवेल," थंडोबा म्हणाले.

"उगवलं तरी फूल? सोडा! फ्रिजमध्ये काय उगवतं, ते आमच्या घरच्या जुन्या पावावर रोज बघतो मी."

आता, थंडोबांना राग येत नसे. पण फ्रिजचा अपमान झाला होता. त्यांनी घास खाली ठेवला, पाणी प्यायले, मिशी पुसली आणि तिच्यावर हात ठेवला.

"तुझ्या नर्सरीला पंचवीस वर्षं कधी होतात, मेहुणेबुवा?"

"अजून तीन वर्षांनी."

"त्या दिवशी तुझ्या नर्सरीत, सगळ्यांसमोर, हे फूल दाखवीन. नाही दाखवलं तर तिथेच मिशी उतरवीन."

कुंडीशेठ आनंदाने उभाच राहिला. "आणि दाखवलंत तर मी स्टुलावर चढून तीनदा ओरडेन, फुलांतलं मला काहीही कळत नाही!"

सगळे हसले. काकू मात्र वाढता वाढता थबकल्या. त्यांचा डाव घेतलेला हात तसाच हवेत राहिला. यांची मिशी ही यांची एकट्याची आहे असं यांना वाटतंच कसं, हा प्रश्न त्यांना त्या क्षणी पडला, आणि पुढची तीन वर्षं तो सुटला नाही.

आठवड्याभरात घरात दुसरा फ्रिज आला. कुणीतरी टाकून दिलेला, एका दाराचा, थंडोबांनी पोटचं पोर असावं तसा बरा केलेला. तो ठेवला कुठे? काकूंच्या शिवणाच्या खोलीत. कापडाचे तागे पलंगाखाली गेले. मग थंडोबांनी माती चाळली, ती काकूंच्या पिठाच्या चाळणीने. बारीक खडी आणून तांदूळ धुवावेत तशी धुतली. उथळ कुंडी भरून वर बियांची चिमूट भुरभुरली, पुरली नाही, कारण या बियांना उजेड लागतो असं बाईंचं सांगणं. वर खडीचा पातळ थर. पाणी वरून घालायचं नाही. कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवायची आणि तिला लागेल तेवढं तिने खालून प्यायचं.

"माझ्या हातचं पाणी चालत नाही का तिला?" काकूंनी विचारलं.

"वरून घातलं तर बिया वाहून जातात गं."

"बरं बाई. महाराणींची ताटली कुठली, ते तरी सांगून ठेवा."

फ्रिजचं दार लावल्यावर आतला दिवा विझतो की नाही, हा प्रश्न जगातल्या प्रत्येक पोराला छळतो. पडदेकाकूंच्या घरी त्याचं ठाम उत्तर होतं: विझत नाही. बियांना उजेड म्हणून थंडोबांनी तो दिवा कायमचा जळता ठेवला होता. आत दोन थर्मामीटर होते, एक मोजायला आणि दुसरा पहिल्यावर लक्ष ठेवायला. काटा केसभरही हलत नव्हता. दारावर चिठ्ठी होती, 'उघडू नये.' घरात दुसरं माणूसच नसल्यामुळे ती कुणासाठी आहे हे काकूंना विचारावं लागलं नाही.

पहिला हिवाळा संपला. कुंडी बाहेर आली, खिडकीत बसली. थंडोबा तिच्यासमोर बसले. आले-गेले सगळे कुंडीत डोकावून गेले. कुंडीत खडी होती. अत्यंत स्वच्छ, सुंदर धुतलेली खडी. बाकी काही नाही.

"तापमान एकदम बरोबर होतं," थंडोबा पुन्हा पुन्हा म्हणत.

"तेच तर," भूगोलाच्या बाई म्हणाल्या. "डोंगराला थर्मोस्टॅट नसतो हो."

"म्हणून तर डोंगर कुणाला दुरुस्त करता येत नाही," थंडोबा म्हणाले, आणि कुंडी पुन्हा फ्रिजमध्ये गेली.

सलूनवाला आता मिशीला कात्री लावताना उसासे टाकायला लागला होता. कुंडीशेठ येईल तेव्हा दाराशीच विचारायचा, "काय ताई, खडीला मोड आले का?" काकू वरून हसायच्या. नवरा आंघोळीला गेला की देवाला, फ्रिजला आणि खडीला मिळून एकत्रच साकडं घालायच्या. मिशी नसलेला नवरा त्यांनी डोळ्यांपुढे आणून पाहिला, आणि तो त्यांना ओळखू आला नाही. अनोळखी माणसाला रोज जेवायला वाढायचं म्हणजे!

दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी परगावच्या एका मोठ्या हॉटेलची शीतखोली बिघडली आणि थंडोबा आठवडाभर तिकडे गेले. जाताना सांगून गेले, "त्या फ्रिजला हात लावू नकोस."

काकूंनी हात लावला नाही. त्यांनी फक्त दार किंचित उघडून पाहिलं. पाहतात तर वरच्या खणात बर्फ! बोटभर कसला, हातभर! रजई कोंबून बसवावी तसा. गावभर हात जोडून सांगायचं आणि स्वतःच्या घरात हे! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण पाषाण कोरडाही नव्हता, गोठलेला होता. काटा हलेल या भीतीने यांनी दोन वर्षं फ्रिज वितळवलाच नव्हता. काकूंचे हात शिवशिवले. दुसऱ्या कुठल्याही बायकोने दार लावून दिलं असतं. पण ही फ्रिज मेकॅनिकची बायको होती आणि तो नियम तिच्या हाडीमाशी खिळला होता. त्यांनी बटण बंद केलं, दार सताड उघडलं आणि टेबलफॅन लावून दिला.

नेमका त्याच दिवशी नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाने रंगमंचाचा मुख्य पडदा शिवायला आणून टाकला. त्या पडद्याखाली काकू दिवसभर दिसेनाशा झाल्या. संध्याकाळी बाहेर आल्या, तर बर्फ निम्मा वितळलेला, कुंडी घामेजलेली, आणि थर्मामीटर दोन्ही एकमेकांच्या साक्षीने वर चढलेले. त्यांनी झटकन फ्रिज लावला. सकाळी पाहतात तर सगळं पुन्हा गोठलेलं. आता अर्धवट साफ केलेला फ्रिज ठेवायचा कसा? पुन्हा बंद केला. पुन्हा पडदा. पुन्हा संध्याकाळी धावाधाव. असं करत करत आठवडाभर त्या कुंडीतल्या बियांना दिवसा वितळवलं गेलं आणि रात्री गोठवलं गेलं.

थंडोबा आले तेव्हा फ्रिज लखलखत होता. "वा!" ते म्हणाले. "साठलेला बर्फही आपोआप उतरला बघ. दाराचं रबर बदललं ना मी, त्याचा परिणाम." काकूंनी पडद्यात तोंड खुपसलं.

कुंडी खिडकीत आली, आणि काही दिवसांनी सकाळी थंडोबा ओरडले. लग्नानंतर ते प्रथमच ओरडले, त्यामुळे काकूंना वाटलं शेजारचे ओरडले.

"अगं ए! अगं, आलं!"

खडीच्या फटीतून हिरवे ठिपके वर आले होते. टाचणीच्या डोक्याएवढे, पण प्रत्येकाला दोन-दोन पानं, आणि पानं कशी, तर कुणाला हाक मारायला हात वर केल्यासारखी. मग घरात जे सुरू झालं त्याला इमारतीच्या इतिहासात तोड नाही. थंडोबा कुंडी घेऊन जिन्यात गेले. प्रत्येक मजल्यावर बेल वाजवून लोकांना भिंग दिलं. तळमजल्यावरच्या आजोबांना चष्म्यावर भिंग आणि भिंगावर दुसरा चष्मा लावून दाखवलं. सलूनवाला दुकान गिऱ्हाइकासकट सोडून आला, गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने मागोमाग आलं आणि तेही "अरे वा!" म्हणालं. भूगोलाच्या बाई काठी टेकत आल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "उत्तीर्ण."

"गुपित एकच," थंडोबा प्रत्येक मजल्यावर सांगत होते, "तापमान. केसभर हलू दिलं नाही!"

मागे उभ्या असलेल्या काकूंचा चेहरा कसा झाला असेल, हे चोरून साखर खाताना धरलेल्या कुणालाही कळेल. सांगावं तर नवऱ्याची आयुष्यभराची श्रद्धा मोडते. न सांगावं तर जीव फुटतो. त्या म्हणाल्या, "हो हो, अजिबात हलू दिलं नाही," आणि घरात जाऊन उशीत हसल्या.

पण रोपांना जगवणं म्हणजे काय खायचं काम नव्हतं. काही रोपं मानेशी कुजून आडवी झाली. काही शेजाऱ्यांच्या प्रेमाने गेली, कारण प्रत्येकाने जाता येता वरून थोडं थोडं पाणी घातलं. उन्हाळा आला आणि तो तर त्यांचा वैरीच. थंडोबांनी बंद पडलेल्या दुकानातला शीतपेयांचा काचेचा फ्रिज आणला. त्यात डोंगरावरची रोपं सरबताच्या बाटल्यांसारखी रांगेत उभी राहिली. येणारा प्रत्येक पाहुणा सवयीने त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "एक द्या." उन्हाळ्याअखेर त्यातलं एकच रोप उरलं.

एकच. पण ते पठ्ठं होतं. त्याने उशीसारखा छोटासा गोल झुबका धरला होता. तिसऱ्या हिवाळ्यात ते दुसऱ्या फ्रिजमध्ये परतलं आणि काकूंचं गुप्त कार्य सुरू झालं. आता त्या चुकून नव्हे, ठरवून करत होत्या. नवरा कामाला गेला की बटण बंद, दार उघडं, टेबलफॅन चालू. तो यायच्या आत सगळं पूर्ववत. रोपाशी त्या बोलायच्याही. "ऊठ गं बाई. तुझ्या जिवावर एक मिशी आहे." एकदा थंडोबा अवचित लवकर आले. काकूंनी फ्रिजच्या उघड्या दारावर पडदा टाकला आणि त्याला माप घेतल्यासारखं केलं. "फ्रिजलाही पडदा?" थंडोबांनी विचारलं. "महाराणींना दृष्ट लागते," काकू म्हणाल्या, आणि थंडोबांना ते पटलं!

नर्सरीच्या पंचविशीच्या आधीच्या आठवड्यात झुबक्याच्या मधोमध एक कळी दिसली. गडद निळी, मिटलेल्या छत्रीसारखी पिळदार. पण मिटलेली.

त्या दिवशी नर्सरीत सगळं गाव लोटलं होतं. काचेचा फ्रिज हातगाडीवरून आला, लांबलचक वायरने विजेला जोडला गेला आणि ताटाएवढ्या फुलांच्या मधोमध सरबतवाल्यासारखा उभा राहिला. आत एक कुंडी, कुंडीत एक कळी. कुंडीशेठने झाडाखाली एक खुर्ची आणि शेजारी एक स्टूल मांडून ठेवलं होतं, म्हणजे ज्याचं त्याने वापरावं. सलूनवाला वस्तरा घेऊन आला होता, पण त्याचे डोळे लाल होते. "काका, माझा हात चालायचा नाही," तो म्हणत होता. "स्वतःच्या पोराच्या मुंजीत बरा चालला," असं कुणीतरी म्हणालं, आणि तो त्यावर भडकला.

वेळ जात होता. कळी ढिम्म.

"कळी म्हणजे फूल नव्हे, भाऊजी," कुंडीशेठ म्हणाला. "बसा खुर्चीत."

"जरा थांब," थंडोबा म्हणाले. त्यांनी काटा पाहिला. "तापमान अगदी बरोबर आहे."

"ऊन लागल्याशिवाय नाही उघडत ते," भूगोलाच्या बाई पुढे आल्या. "वर डोंगरात नुसता ढग आडवा आला तरी मिटून बसतं. बाहेर काढा त्याला."

"बाई, दार उघडलं तर तापमान जाईल!"

"उघडा हो," काकू म्हणाल्या.

"नाही. इतकी वर्षं जपलंय, आता शेवटच्या घटकेला..."

थंडोबा खुर्चीकडे वळले. मिशीवरून एकदा, शेवटचा, हात फिरवला. आणि काकूंचा बांध फुटला.

"काय जपलंय? काही जपलेलं नाही! जाऊ दे ते तापमान, दोन हिवाळे जातंच आहे! त्या फ्रिजमध्ये हातभर बर्फ होता हो, मला बघवेना. तुम्ही हॉटेलात गेलात तेव्हा मी फ्रिज बंद केला होता. रोज केला. म्हणून उगवलं ते! आणि या हिवाळ्यातही रोज केला!"

नर्सरीत अशी शांतता पसरली की गांडूळखताच्या पोत्यातली हालचाल ऐकू यावी. थंडोबा बायकोकडे बघत होते. डॉक्टरने रोग्याला विचारावं, तशा आवाजात त्यांनी विचारलं, "किती वेळ बंद ठेवायचीस?"

"सकाळपासून... तुम्ही यायच्या आधीपर्यंत."

"दार?"

"उघडं."

"आणि पंखा लावायचीस?"

"हो."

"टेबलफॅन?"

काकूंनी मान खाली घातली. "टेबलफॅन."

थंडोबांनी एक लांब श्वास घेतला. "पंखा लावायचा नसतो," ते म्हणाले. "दाराचं रबर वाळतं."

मग ते फ्रिजपाशी गेले, आणि सगळ्या गावासमोर, आत काय हवंय ते नीट ठरवून, त्यांनी दार उघडलं. कुंडी काढून स्टुलावर उन्हात ठेवली. सगळे वाकले. कुणीतरी कुणाच्या तरी पायावर पाय दिला, पण कुणी ओरडलं नाही. छत्रीचा पीळ सैल झाला. थोडा थांबला, पुन्हा सैल झाला. आणि कुणी बघत नसताना व्हावं तसं, सगळे बघत असताना, ते उघडलं.

शर्टाच्या बटणाएवढं होतं. पण निळं! असं निळं की नर्सरीतली ताटाएवढी फुलं एकदम वाढदिवसाच्या कागदी टोप्यांसारखी दिसायला लागली. बाई काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या आणि बराच वेळ गप्प राहिल्या. काकूंनी बाईंना आयुष्यात प्रथमच इतका वेळ गप्प पाहिलं. सलूनवाल्याने वस्तरा मिटवून खिशात टाकला आणि डोळे पुसले. मग जो गोंगाट झाला! लोकांनी थंडोबांना मिठ्या मारल्या, काकूंना मिठ्या मारल्या, घाईत फ्रिजलाही मिठी मारली. कुंडीशेठ स्टुलाकडे वळला, पण त्यावर फूल होतं, म्हणून तो खताच्या पोत्यावर चढून ओरडला, "फुलांतलं मला काहीही कळत नाही!" तिसऱ्यांदा ओरडला तेव्हा एक नवं गिऱ्हाईक आत येत होतं, ते तिथूनच परत गेलं.

परतताना हातगाडीमागून चालता चालता काकूंनी हळूच विचारलं, "रागावलात?"

"नाही गं." थंडोबा विचार करत होते. "म्हणजे मधूनमधून बदल केला की बरं असतं म्हणायचं."

"काही काही गोष्टींना," काकू घाईघाईने म्हणाल्या आणि मिशीकडे पाहिलं. मावळत्या उन्हात तिची दोन्ही टोकं आभाळाकडे वळलेली होती. फूल त्या वेळी मिटलं होतं, पण काकूंना त्याचं काही वाटलं नाही. जे वाचवायचं होतं ते वाचलं होतं.

पुढच्या महिन्यात थंडोबा एका रविवारी सलूनमधून मिशी काढून आले. फार उकडत होतं, म्हणाले.